धरले आहे, हे कळते कसे?

१८७० सालच्या सुरुवातीला मुंबई बंदरात एक अजस्र जहाज येऊन थांबले होते. नाव ‘ग्रेट ईस्टर्न’. ब्रूनेल या इंग्रज अभियंत्याने बांधलेले, दोनशे मीटरहून अधिक लांबीचे हे जहाज त्या काळी जगातले सर्वांत मोठे. प्रवासी वाहतुकीत ते तोट्यातच गेले. पण त्याच्या प्रचंड पोटात समुद्राच्या तळाशी टाकायची शेकडो मैल तार मावत असे. मुंबई ते एडन अशी तार टाकण्यासाठी ते इकडे आले होते आणि त्याच वर्षी मुंबई-लंडन हा समुद्री तारमार्ग पुरा झाला. तारेचा हा उल्लेख इतिहासाच्या पुस्तकांत सापडतो. आम्हाला मात्र या लेखापुरता रस आहे तो त्या जहाजाच्या सुकाणूत.

एवढ्या मोठ्या जहाजाचे सुकाणू माणसांच्या बळावर वळवणे सोपे नव्हते. समुद्र खवळला की चाकावर खलाशांची अख्खी तुकडी लागे. वाफेचे इंजिन हाताशी असताना ते सुकाणूला जोडावे, हे कोणालाही सुचेल. पण जोडल्यावर अडचण येते ती वेगळीच. झडप उघडून वाफ सोडली की सुकाणू वळू लागते, ते थांबायचे कुठे? चाक अर्धा फेरा फिरवले तर सुकाणूने त्या मानाने वळावे आणि तिथेच थांबावे, अशी नाखव्याची अपेक्षा असते. इंजिनाला हे कोण सांगणार?

जॉन मॅकफार्लेन ग्रे या स्कॉटिश अभियंत्याने १८६६-६७च्या सुमारास याचे जे उत्तर काढले, ते ‘ग्रेट ईस्टर्न’वर बसवण्यात आले होते. चाक फिरवले की झडप उघडे. इंजिन सुकाणू वळवू लागे. आणि सुकाणूची ती हालचालच दांड्या-दात्यांमधून उलट येऊन त्याच झडपेला बंद करत आणे. सुकाणू हव्या त्या जागी पोचले की झडप पूर्ण बंद. म्हणजे इंजिन चालते ते हुकमावर नव्हे. हुकूम आणि प्रत्यक्ष स्थिती यांच्यात जो फरक उरला असेल त्यावर ते चालते. फरक संपला, इंजिन थांबले. यालाच आपण आज फीडबॅक म्हणतो. मराठीत त्याला ‘उलट निरोप’ म्हटले तरी अर्थ नेमका पोचतो.

फ्रान्समध्ये जोसेफ फार्को याच प्रकारच्या यंत्रांवर काम करत होता. १८७३ साली त्याने या विषयावर पुस्तकच लिहिले आणि यंत्राला नाव दिले ‘सर्व्हो-मोतर’. लॅटिनमध्ये ‘सर्व्हुस’ म्हणजे दास. धन्याने बोट दाखवावे आणि दासाने तिथे जाऊन उभे राहावे, असे हे यंत्र. मोतरचे मोटर झाले, आणि दीडशे वर्षांनी तोच शब्द तालुक्याच्या गावातल्या शाळेत येऊन पोचला.

लातूरहून अंबाजोगाईच्या रस्त्याला लागले की रेणापूर येते. तिथल्या काही शिक्षकांबरोबर बसून आम्ही एका हौशी यंत्रहाताचा पंजा जोडला. या पंजाला ‘ग्रिपर’ म्हणतात. २०१६ साली अटल टिंकरिंग लॅबची योजना आल्यापासून असे संच देशभरच्या हजारो शाळांत दिसू लागले आहेत आणि ज्या शाळांना ती योजना मिळाली नाही, तिथेही शिक्षक पदरमोड करून ते मागवतात. प्लास्टिकच्या पिशवीत अ‍ॅक्रिलिकचे कापलेले तुकडे असतात, दोन दातेरी जबडे, मूठभर स्क्रू आणि निळसर रंगाची एक डबी. ही डबी म्हणजे सर्व्हो. वजन अवघे ९ ग्रॅम.

डबीच्या आत चार गोष्टी आहेत. खेळण्यातल्यासारखी एक छोटी डी.सी. मोटर, तिची गती कमी करून जोर वाढवणारी दातेरी चाकांची माळ, शेवटच्या अक्षाला जोडलेला एक पोटेन्शिओमीटर (रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तसाच), आणि एक लहानसे सर्किट. बाहेर तीन तारा येतात. दोन विजेच्या, तिसरी हुकमाची. हुकूम विद्युतस्पंदांच्या रूपाने येतो. दर २० मिलिसेकंदांना एक स्पंद. तो एक मिलिसेकंद टिकला तर अक्षाने एका टोकाला जायचे, दोन मिलिसेकंद टिकला तर दुसऱ्या टोकाला, दीड असेल तर मध्यावर. पोटेन्शिओमीटर अक्षाची खरी जागा सांगतो, सर्किट दोन्हींची तुलना करते आणि जो फरक निघेल त्या दिशेने मोटर फिरवते. ग्रेच्या झडपेची जागा सर्किटने घेतली एवढेच, कल्पना तीच.

हीच कल्पना मोठ्या आकारात पाहायची असेल तर नारायणगावजवळ खोडदला जावे. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, आकाशातल्या स्रोताकडे वळवतात आणि त्याचा पाठलाग करतात त्या सर्व्होच. ही यंत्रणा भाभा अणु संशोधन केंद्राच्या अभियंत्यांनी उभी केली. तिच्यातली एक युक्ती आम्हाला फार आवडते. दातेरी चाकांमध्ये थोडी फट असतेच, फिटर लोक तिला ‘प्ले’ म्हणतात. दिशा बदलताना तेवढ्या फटीत चाक मोकळे फिरते आणि नेम चुकतो. यावर उपाय म्हणून दर अक्षाला एकाऐवजी दोन मोटारी बसवल्या आणि त्यांना एकमेकींविरुद्ध थोडा ताण दिला, म्हणजे दाते कायम घट्ट टेकलेले राहतात. नऊ ग्रॅमच्या डबीतही हाच ‘प्ले’ आहे. जबड्याचे टोक बोटाने हलवून पाहा, लगेच जाणवेल. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभारण्यास २०२३ साली सरकारने मान्यता दिली. तिथेही चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या टोकांचे आरसे जागच्या जागी राखायचे आहेत ते फीडबॅकच्याच साखळ्यांनी.

तर रेणापूरचा पंजा. जोडणीत अवघड काही नाही, मात्र एक क्रम पाळावा लागतो. सर्व्होच्या अक्षावर बसणारी पांढरी पट्टी (तिला ‘हॉर्न’ म्हणतात) लावण्याआधी सर्व्होला दीड मिलिसेकंदाचा हुकूम देऊन मध्यावर आणायचे, जबडे अर्धे उघडे ठेवायचे आणि मगच पट्टी स्क्रूने आवळायची. नाहीतर सर्व्होची फेरी एकीकडे संपते आणि जबड्याची दुसरीकडे. बिजागरीचे स्क्रू करकचून आवळायचे नाहीत. जबडा स्वतःच्या वजनाने हलला पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. आणि सर्व्होला वीज संगणकाच्या यूएसबीमधून न देता वेगळ्या पाच व्होल्टच्या अडॅप्टरमधून द्यायची, फक्त ऋण तार दोन्हींची एक करायची. दोन तासांत पंजा उघडू-मिटू लागला. त्याने खडूचे खोके उचलले, टाळ्या पडल्या. मग एकाने त्याच्यात लिंबू दिले.

पंजाने लिंबू धरले. सुटले नाही. पण सर्व्होमधून एक बारीक किरकिर येत राहिली आणि मिनिटाभरात डबी हाताला गरम लागू लागली. दहावीतल्या एका मुलीने विचारले, “सर, धरलंय हे त्याला कळतंय का?”

त्याला कळत नव्हते. सर्व्होला हुकूम होता ‘मीट, दहा अंशांवर ये’. लिंबामुळे जबडे पंचवीस अंशांवरच अडले होते. फरक पंधरा अंशांचा उरलेला, तो संपत नाही, म्हणून मोटर सारा जोर लावत उभी. मोटर फिरत नाही, पण वीज मात्र खेचते. फिरताना खेचते त्याच्या कितीतरी पट. ती सगळी उष्णता होऊन तारांच्या गुंडाळीत उतरते. तशीच ठेवली तर सर्व्हो जळतो. शाळांच्या कपाटांत निकामी सर्व्हो आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. किंमत शंभर-दीडशे रुपयांच्या आसपास, फार नव्हे. पण नवा आणायचा तर लातूर गाठा किंवा कुरिअरची वाट पाहा. तोवर मुलांचा उत्साह ओसरतो आणि तो हात कपाटावर शोभेला जातो.

त्या मुलीचा प्रश्न अभियंत्यांनाही पडला होता आणि त्याच्यासाठी फार मोठी किंमत मोजायची वेळ आली होती. ती गोष्ट अणुभट्ट्यांपाशी सुरू होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अणुभट्ट्या उभ्या राहिल्या आणि भट्टीतून बाहेर काढलेले इंधन हाताळायचे कसे, हा प्रश्न समोर ठाकला. वापरलेल्या इंधनाच्या कांडीजवळ आडोशाशिवाय काही मिनिटे उभे राहणेही जिवावर बेतू शकते. म्हणून ती जाड काँक्रीटच्या भिंतींच्या खोलीत ठेवतात. या खोलीला ‘हॉट सेल’ म्हणतात. भिंतीत शिसेयुक्त काचेची जाडजूड खिडकी असते. माणूस बाहेर आणि काम आत. आधी विजेच्या बटणांवर चालणारी यंत्रे वापरून पाहिली गेली, यारीसारखी. एक बटण पुढे नेणारे, एक खाली आणणारे, एक चिमटा मिटणारे. कामे होत, पण कूर्मगतीने. बटण दाबणाऱ्याला वस्तू किती दाबली जाते आहे याचा पत्ता नसे, त्यामुळे वस्तू मोडत, वाकत. बाटलीचे फिरकीचे झाकण उघडण्यासारखे साधे कामही दमवून टाके. डोळ्यांना सगळे दिसत होते. कमी पडत होती ती बोटांची जाणीव.

आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या रेमंड गोर्ट्झ या अभियंत्याने १९४०च्या दशकाच्या अखेरीस वेगळा मार्ग धरला. त्याने बटणे काढून टाकली. भिंतीबाहेर एक हात, भिंतीआत तसाच दुसरा हात आणि दोहोंच्या मध्ये वरच्या बाजूने नेलेल्या पोलादी पट्ट्या, तारा आणि कप्प्या. बाहेरच्या मुठीत माणसाने बोटे मिटली की आतला चिमटा मिटे. बाहेरच्याला ‘मास्टर’ आणि आतल्याला ‘स्लेव्ह’ म्हणू लागले. (अलीकडे हे शब्द टाळावेत असा आग्रह काही ठिकाणी धरला जातो, तो योग्यच आहे. पण मग ‘सर्व्हो’चे काय करायचे, हा प्रश्न उरतो.) या रचनेत मोटर नाही, वीज नाही. तरीही तिने एक गोष्ट फुकट दिली. तार दोन्हीकडून ओढली जाते. आतला चिमटा एखाद्या कठीण वस्तूवर टेकला की बाहेरच्या मुठीलाही तेवढाच अडथळा जाणवतो. घरात सांडशीने गरम पातेले धरताना आपल्याला त्याचा काठ हातात ‘लागतो’, तसेच. सांडशीला कुठे जाणीव असते? पण ती आपल्या हाताची जाणीव पुढे वाढवते.

भारतात या प्रश्नाची सुरुवात मुंबईत ट्रॉम्बेला झाली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ भट्टी सुरू झाली, १० जुलै १९६० रोजी कॅनडाच्या सहकार्याने उभारलेली ‘सायरस’ भट्टी सुरू झाली आणि होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली ट्रॉम्बेचा प्लुटोनियम प्रकल्प कार्यान्वित झाला. वापरलेले इंधन आम्लात विरघळवून त्यातले प्लुटोनियम वेगळे करायचे, हे सगळे काम जाड भिंतींआड. भट्टीतून निघालेल्या कांड्या कापून त्यांची धातुपरीक्षा करायची, तेही भिंतीआड. रुग्णालयांना लागणारी कोबाल्ट-६०, आयोडीन-१३१ यांसारखी समस्थानिके भरायची, तेही तसेच. या प्रत्येक ठिकाणी माणसाच्या बोटांच्या जागी चिमटे काम करत आले आहेत. पुढे भाभा अणु संशोधन केंद्रात दूरहाताळणी आणि रोबोटिक्ससाठी स्वतंत्र विभाग झाला आणि असे यंत्रहात, यांत्रिकही आणि सर्व्होवर चालणारेही, इथेच विकसित होऊ लागले. आपल्याकडच्या विज्ञानाच्या इतिहासात भट्ट्यांची नावे येतात, प्रमुखांची नावे येतात. काचेपलीकडे चिमट्याने कुपीचे झाकण फिरवत तासन्तास उभ्या राहिलेल्या तंत्रज्ञांचा उल्लेख क्वचितच येतो. त्यांची बोटे शाबूत राहिली ती तारेतून उलट येणाऱ्या त्या जाणिवेच्या भरवशावर काम करता आले म्हणून.

पण तारेला मर्यादा आहेत. भिंत फार जाड झाली, अंतर वाढले, वळणे आली की कप्प्यांमधले घर्षण वाढते आणि जाणीव बोथट होत जाते. म्हणून गोर्ट्झच्या गटाने तारा काढून मधे वीज आणायचे ठरवले. इथे पेच उभा राहिला. विजेची तार ओढ उलट आणत नाही. जी गोष्ट पोलादी पट्टीने फुकट दिली होती, ती आता मुद्दाम बांधावी लागणार होती. १९५४ साली त्यांनी जी यंत्रणा दाखवली, तिच्यात दोन्ही हातांना मोटारी होत्या. दोन हातांच्या स्थितींत फरक पडला की तो मिटवण्यासाठी दोन्हीकडच्या मोटारी जोर लावत, आतली बाहेरच्या दिशेने आणि बाहेरची आतल्या दिशेने. आतला हात लिंबाला अडला की बाहेरची मोटर माणसाच्या मुठीला विरोध करू लागे. म्हणजे सर्व्होच, पण दुतर्फी. धन्याचा हुकूम दासाकडे जातो तसा दासाचा अडथळाही धन्याकडे येतो.

इथून गोष्टीला दोन फाटे फुटतात. १९६१ साली एमआयटीमध्ये हाइनरिख अर्न्स्ट या संशोधकाने असाच एक सर्व्हो हात घेतला आणि माणसाच्या जागी टीएक्स-० हा संगणक बसवला. चिमट्याला त्याने स्पर्श ओळखणारी साधने लावली होती. टेबलावर ठोकळे कुठे आहेत हे संगणकाला सांगितलेले नव्हते. हात चाचपडत जाई, ठोकळा लागला की धरे आणि पेटीत टाकी. आंधळ्या कोशिंबिरीतल्या भिडूसारखा. त्याच वर्षी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ हा पहिला औद्योगिक रोबोट कामाला लागला. जॉर्ज डेव्हॉलने त्याचे पेटंट १९५४ सालीच मागितले होते. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलून बाजूला ठेवायचे, हे त्याचे काम. त्याला स्पर्शाची गरज नव्हती. भाग दरवेळी तोच, जागा तीच, पकडायची रीतही तीच.

कारखान्यांनी दुसरी वाट धरली आणि ती त्यांच्यापुरती बरोबरच होती. आजही पुण्याच्या चाकण-भोसरीकडच्या कारखान्यांत शिरलात तर पुष्कळ चिमटे हवेच्या दाबावर चालताना दिसतील. नळकांड्यात दाबाखालची हवा सोडली की दट्ट्या सरकतो आणि चिमटा वस्तूला लागेपर्यंत मिटतो. लागल्यावर दाब गुणिले क्षेत्रफळ एवढे बल, त्याहून जास्त नाही. दाब ठरवला की पकड ठरली. वस्तू थोडी लहान असो की मोठी, फरक पडत नाही. हवेच्या चिमट्याला ‘कुठे’ हे नीट सांगता येत नाही, पण ‘किती जोराने’ हे सांगता येते.

आपल्या निळ्या डबीचे नेमके उलटे आहे, आणि याचे कारणही इतिहासात आहे. ही डबी पंजासाठी जन्मलीच नाही. १९६०च्या दशकात रेडिओच्या लहरींवर उडवायच्या छोट्या विमानांसाठी स्पंदांवर चालणाऱ्या सर्व्होची ही पद्धत रूढ झाली. विमानाच्या शेपटीवरची फळी किती अंश वळावी, एवढाच तिथला प्रश्न. हवा कितीही विरोध करो, फळी त्या कोनावर राहिली पाहिजे. वजन कमी हवे, कारण ते विमानाला उचलायचे आहे. तिथे जोराची जाणीव हवी कशाला? मग अशा डब्या लाखांनी बनू लागल्या, स्वस्त झाल्या. २००५ साली इटलीत आर्डुइनो हा सोपा नियंत्रक तयार झाला, आणि विमानातला सर्व्हो पंजात येऊन बसला. काम बदलले, स्वभाव तोच राहिला. त्याला जागा कळते, पकड कळत नाही.

हे समजल्यावर रेणापूरला आम्ही फळ्यावर थोडा हिशेब केला. डबीच्या पाकिटावर ४.८ व्होल्टला १.८ किलो-सेंमी असे लिहिलेले असते. शाळेच्या भाषेत हे सुमारे ०.१८ न्यूटन-मीटर पिळणबल. पण हे मोटर अडून थांबल्यावरचे, म्हणजे जळण्याच्या वाटेवरचे बल. आमच्या पंजात एक जबडा सर्व्होला जोडलेला आणि त्याचे दाते दुसऱ्या जबड्याला फिरवणारे. पिळणबल दोघांत निम्मे-निम्मे वाटले जाते. जबड्याची लांबी ५ सेंमी. म्हणजे प्रत्येक टोकाला ०.०९ भागिले ०.०५, बरोबर १.८ न्यूटन. वस्तू खाली पडत नाही ती दोन्ही बाजूंच्या घर्षणामुळे. गुळगुळीत अ‍ॅक्रिलिक आणि लिंबाची साल यांच्यात घर्षणगुणांक ०.३ धरला, तर दोन गुणिले ०.३ गुणिले १.८, म्हणजे १.०८ न्यूटन. फार तर ११० ग्रॅमची वस्तू. आणि सर्व्होला एक तृतीयांश जोरावर सुखाने ठेवायचे म्हटले तर ३६ ग्रॅम. एक लहानसे लिंबू, बस्स! पण जबड्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवले आणि घर्षणगुणांक ०.८ झाला असे मानले, तर तेवढ्याच जोरात जवळजवळ १०० ग्रॅम. एका सरांनी लगेच ट्यूब आणवली. मोठा सर्व्हो मागवण्याआधी हा दोन रुपयांचा उपाय करून पाहावा.

जाणिवेचे मात्र काय? इथेही दोन वाटा आहेत. पहिली वाट स्प्रिंगची. कडक जबडा वस्तूला लागल्यावर दोन-तीन अंशांच्या फरकातच सर्व्हो पूर्ण जोर लावू लागतो. ‘धरले नाही’ आणि ‘चिरडले’ यांच्यात अंतरच उरत नाही. जबड्याला एक सेंटिमीटर जाडीचा स्पंज लावला तर चित्र बदलते. ५ सेंमीच्या जबड्याचे टोक दर अंशाला सुमारे ०.९ मिलिमीटर सरकते. स्पंज तेवढा दबतो आणि हूकच्या नियमाप्रमाणे बल हळूहळू वाढत जाते. कोन हेच आता बलाचे माप झाले. ज्या सर्व्होला फक्त ‘कुठे’ कळते, त्याच्याकडून ‘किती जोराने’ हे काम करून घेतले. १९९५ साली एमआयटीमधल्या गिल प्रॅट आणि मॅथ्यू विल्यमसन यांनी रोबोटच्या सांध्यांत मुद्दाम स्प्रिंग बसवण्याची जी रीत मांडली, तिच्यामागचा विचार हाच. त्याआधी सांधा जितका ताठ तितका चांगला, असे बहुतेक अभियंते मानत.

दुसरी वाट विजेची. अडलेली मोटर जास्त वीज खेचते, म्हणजे विजेचा प्रवाह हाच उलट निरोप आहे. तो आपण ऐकत नाही एवढेच. सर्व्होच्या ऋण तारेत ०.१ ओहमचा रोध घालायचा. पूर्ण अडल्यावर सर्व्हो ०.६ ते ०.७ अँपिअर घेतो, तेव्हा रोधावर ६० ते ७० मिलिव्होल्ट पडतात. साध्या आर्डुइनोची मोजपट्टी ५ व्होल्टला १०२४ पायऱ्या, म्हणजे पायरी जवळपास ५ मिलिव्होल्टची. पायऱ्या मिळतात जेमतेम चौदा. पण त्याच्यातच १.१ व्होल्टची आतली मोजपट्टी असते, ती निवडली की साठाहून अधिक मिळतात. मग जबडा एकेक अंशाने मिटायचा, दर अंशाला पंचवीस-तीस मोजमापांची सरासरी घ्यायची, आणि सरासरी सलग दोन-तीन वेळा ठरावीक मर्यादेवर गेली की थांबून एक अंश मागे यायचे. एकाच मोजमापावर विसंबू नये, कारण मोटर सुरू होतानाही क्षणभर प्रवाह उसळतो.

विज्ञान प्रदर्शनांत यंत्रहात मांडले जातात तेव्हा परीक्षक तो हलतो का एवढेच पाहतात, असे आम्हाला वारंवार दिसते. हललाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण ‘हे थांबते कधी आणि का’ असे विचारले, तर संच जोडणारा आणि संच समजलेला यांतला फरक दोन मिनिटांत कळतो.

आपल्या बोटांनी हे गणित फार पूर्वी सोडवले आहे. स्वीडनमधल्या उमेओ इथे रोलँड योहान्सन आणि गोरान वेस्टलिंग यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, वस्तू उचलताना माणूस ती निसटू नये यासाठी लागणाऱ्या जोरापेक्षा थोडाच जास्त जोर लावतो. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर जास्त, खरखरीत असेल तर कमी. वस्तू किंचित घसरली तरी बोटांच्या टोकांतल्या चेतातंतूंकडून निरोप जातो आणि सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पकड घट्ट होते, आपल्याला कळायच्याही आधी. बोटांची टोके बधिर केली की हे सूक्ष्म जुळवणे बिघडते. मग माणूस गरजेपेक्षा पुष्कळ जास्त आवळतो.

याचा एक प्रयोग वर्गात सहज होतो. चहासाठी वापरतात तसला पातळ कागदी कप पाण्याने अर्धा भरून मुलांना दोन बोटांनी उचलायला सांगावे. मग तीच दोन बोटे मिनिटभर बर्फाच्या पाण्यात धरून, पुसून पुन्हा उचलायला सांगावे आणि दोन्ही वेळा कप किती चेपला ते पट्टीने मोजावे. त्यानंतर तोच कप पंजाला द्यावा, आधी उघड्या अ‍ॅक्रिलिकच्या जबड्यांत, नंतर स्पंज लावून, आणि दर अंशाला प्रवाह किती झाला त्याचा आलेख काढावा. उघड्या जबड्यांच्या आलेखात रेषा बराच वेळ आडवी जाऊन एकदम उभी चढते. स्पंजाच्या आलेखात तिला उतार येतो, आणि त्या उतारावर कुठे थांबायचे हे मुलांना ठरवता येते.